पावणेसहाची खाकर

केरबा तात्यांचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी पावणेसहाला कृष्णात सरांच्या आठ महिन्यांच्या मुलीने घशात बोटं घातली. सगळीच लेकरं तोंडात बोटं घालतात, यात नवल नाही. पण संयोगिताने ती चोखायला घातली नव्हती. पाळण्यात उताणी पडून, आढ्याकडे बघत, उजव्या हाताची दोन बोटं तिने शांतपणे आणि बेताने आत सारली, पार मुळापर्यंत. आणि मग तिच्या एवढ्याशा गळ्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून चुलीपाशी बसलेल्या सुलाबाईंच्या, म्हणजे सरांच्या आईच्या हातातली चहाची किटली तशीच अधांतरी राहिली.

पहिला लांब ‘ओऽऽऽ’. दुसरा त्याहून आखूड. तिसरा, विहिरीच्या तळाला बादली घासावी तसा खरखरीत. मग क्षणभर काहीच नाही. आणि शेवटी, एखाद्या कागदावर सही ठोकावी तसा एक स्वच्छ ‘हां!’

“कृष्णा,” सुलाबाई म्हणाल्या, “ह्यो तर तात्याचा आवाज हाय.”

शेजारचे केरबा तात्या हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाल्यापासून तीस वर्षं, थंडी असो वा पाऊस, रोज पावणेसहाला ते दारातल्या नळावर उकिडवे बसत, मिश्री लावत आणि मग दोन बोटं घशात घालून अशी खाकर काढत की कुंडलच्या त्या अख्ख्या गल्लीला घड्याळाची गरज नसे. दूधवाला त्या आवाजावर निघे. एसटीला जाणारे त्या आवाजावर आंघोळीला पळत. परीक्षेच्या दिवसांत पोरांच्या आया पोरांना “तात्या झालं, ऊठ” एवढंच म्हणत. तो आवाज गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत एका सकाळी आला नाही, आणि तात्या गेल्याचं गल्लीला दार न वाजवता कळलं. त्यानंतर चार महिन्यांनी संयोगिता जन्माला आली. म्हणजे तिने तात्यांना पाहिलं असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता हे दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं तर लिंबू उतरवून, मीठ-मोहरी चुलीत टाकून मंडळी मोकळी झाली असती. पण कृष्णात सर गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. दर विज्ञान दिनाला त्यांचं ‘भूत कुठे असते?’ हे व्याख्यान असे. त्यात ते लिंबातून रक्त काढून दाखवत आणि मग ते रक्त कसलं हे फळ्यावर लिहून देत. अशा माणसाच्या पाळण्यात ही भानगड उपटावी, हे त्यांना व्यक्तिशः अपमानास्पद वाटलं.

“आई, या वयातील बालकांमध्ये मुखाद्वारे परिसराचे ज्ञान घेण्याची प्रवृत्ती असते,” सर म्हणाले. सरांचं एक होतं, चिडले किंवा घाबरले की ते पुस्तकातलं बोलायचे. सुलाबाई जन्मभर कडेगावच्या रानात राबलेल्या. मुलाचं हे असलं बोलणं त्या ‘भाषण आलं’ म्हणून सोडून देत.

“असंल परवृत्ती,” त्या म्हणाल्या. “पर हांऽऽ कुणी शिकिवलं?”

सर पाळण्यावर वाकून मुलीची बोटं पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवसा ती पाच-सात वेळा बोटं घशात घाली, कधी नुसती उबळ येई, कधी प्यालेलं सगळं दूध अंगावर येई. पण पावणेसहाची खाकर मात्र संपूर्ण, शेवटच्या ‘हां’सकट. आणि ती झाली की संयोगिता भिंतीकडे मान वळवून गोड हसे. पाळण्यामागची ती भिंत म्हणजे सरांच्या आणि तात्यांच्या घरामधली सामाईक भिंत. तिच्यावर एका कॅलेंडरखेरीज काही नव्हतं.

चौथ्या दिवशी सरांच्या बायकोने, अंकिताने, एक वेगळंच सांगितलं. ती पलूसला एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करी. बाईमाणूस धीट. भलतंसलतं बोलणारी नव्हे.

“अहो, मला तो आवाज दोनदा आल्यासारखा वाटतो. आधी लांबून, बारीक. भिंतीतून आल्यासारखा. आणि मग पाळण्यातून.”

“प्रतिध्वनी,” सर तत्काळ म्हणाले.

“प्रतिध्वनी नंतर येतो ना?”

आठवीच्या पुस्तकात तसंच होतं.

पाचव्या दिवशी आप्पासो वर्तमानपत्र मागायला आले. आप्पासो म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, समोरच्या घरात राहणारे, आणि गल्लीत जे काही घडेल त्याचं तिकीट फाडण्याची जबाबदारी अजून आपल्याकडेच आहे असं मानणारे. ते उंबऱ्यात असताना संयोगिताने बोटं घातली. तीन ‘ओ’ झाले, ‘हां’ झालं, आणि आप्पासोंचा उजवा हात आपोआप कपाळाला लागला. तात्यांना ते रोज तसाच सलाम ठोकत.

“सर,” ते हळूच म्हणाले, “किती दिवस चाललंय?”

“हे पाहा आप्पासो, बालकाच्या...”

“वरीसश्राद्धापास्नं न्हवं?”

आप्पासोंनी उत्तर सरांच्या चेहऱ्यावरच वाचलं. वर्तमानपत्र न घेताच ते निघून गेले. दुपारपर्यंत ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली होती आणि संध्याकाळी सल्ले यायला सुरुवात झाली. कुणी म्हणालं बोटांना कडुलिंब लावा. सरांना हा उपाय शास्त्रीय वाटला. त्यांनी स्वतः पाला वाटला, बोटांना लेप दिला. संयोगिताने बोटं चाटली, विचार केला आणि उरलेला लेप वाटीतून मागितला. कुणी म्हणालं मिरचीचं पाणी लावा. त्या बाईंना अंकिताने चहा पुरा होण्याआधीच दाराबाहेर काढलं, आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. कुणी म्हणालं काहीच करू नका, फक्त विचारा.

“काय विचारायचं?” सर म्हणाले.

“काय हवंय म्हणून. माणूस उगाच येत न्हाई.”

विचारायला पहिल्या आल्या त्या राहीबाई. पलीकडच्या घरातली ही म्हातारी तात्यांवर दीड वर्षं खार खाऊन होती, कारण तिची बांबूची शिडी त्यांनी नेली होती आणि परत द्यायच्या आत ते गेले होते. तिने संयोगितापुढे बसकण मारली, पदर सावरला आणि रोखठोक विचारलं, “तात्या, माजी शिडी कुठं ठिवलीसा?”

“राहीबाई, ती मुलगी आहे,” सर म्हणाले. “आठ महिन्यांची.”

“तुमी मदी बोलू नगा, मास्तर. आमचं जुनं हाय.”

संयोगिताने बोटं घशातून बाहेर काढली. लाळेची तार लोंबत असलेला तो हात तिने उचलला आणि मागच्या दाराकडे केला. खोलीतली माणसं श्वास घ्यायची थांबली. राहीबाई उठल्या, मागच्या दाराने बाहेर गेल्या, आणि पाण्याच्या टाकीमागून त्यांचा चिरका आवाज आला, “सापडली गं बया!”

आता खरी गोष्ट अशी होती की, ती शिडी सरांनीच तात्यांकडून डिशचा अँटेना सरळ करायला मागून आणली होती. ती तात्यांची नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ती टाकीमागे पडून आहे हे ते साफ विसरले होते. आणि मागच्या दाराशी त्या वेळी मांजर बसलेलं होतं, मुलीने हात केला तो त्याच्याकडे. पण हे सांगायला तोंड उघडावं तर शिडीचोर ठरायचं, आणि न उघडावं तर भुताला पुरावा मिळायचा. सरांनी दोन्हींचा तोल करून पाहिला आणि तोंड बंद ठेवलं. त्या दिवशी विज्ञानाचं कुंडलमध्ये फार नुकसान झालं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचलाच दारात माणसं जमू लागली. माघातली थंडी. गावाबाहेरच्या उसातून धुकं गल्लीत उतरायचं आणि त्यात घोंगड्या-शाली पांघरलेली माणसं एकमेकांशी न बोलता उभी असायची. तात्या ज्याला रोज भाकरी टाकत ते काळं कुत्रं वर्षभर बाजारात पडून असे. तेही आता परत आलं. तात्यांच्या नव्हे, सरांच्या उंबऱ्यासमोर बसू लागलं. पावणेसहाला आतून ‘ओऽऽऽ’ आला की कुत्र्याची शेपटी धुळीत एकदा, दोनदा आपटे. ‘हां’ झालं की गर्दीतून एक सुस्कारा निघे आणि माणसं आपापल्या कामाला पांगत. दूधवाला पुन्हा वेळेवर निघू लागला होता.

हे सगळं सर एकवेळ सहन करते. पण गर्दीच्या पुढे, उंबऱ्याला टेकून, शालूबाई बसत. शालूबाई म्हणजे तात्यांची बायको. लेक मुंबईत, सून मुंबईत, शालूबाई इथे एकट्या. गल्लीतली सगळी तान्ही लेकरं त्यांच्याच हाताखाली न्हालेली. संयोगितालाही जन्मापासून त्याच रोज नऊला येऊन तेल लावत, पायावर घेऊन आंघोळ घालत. कमी बोलणारी बाई. गर्दीतल्या कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवी. पण मुलीने ‘हां’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की सरांना तिकडे बघवत नसे. दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून आत डोकावल्यासारखं वाटे.

तशात संयोगिताच्या वजनाची काळजी सुरू झाली. दूध टिकत नव्हतं. मांडीची वळी उतरली होती. रात्री अंकिता मुलीचे हात धरून झोपे, तर झोपेतही मुलगी ते सोडवून घेई. आणि सरांच्या डोक्यात एक युक्ती आली. त्यांनी तिच्या दोन्ही हातांत लोकरीचे पायमोजे घातले आणि मनगटाला सैलसर नाडी बांधली. आता बोटंच नाहीत तर घशात जाणार काय?

दुपारी सुलाबाई भाकरी थापत होत्या. शनिवार होता, सर घरी पेपर तपासत बसले होते. थोड्या वेळाने त्यांना जाणवलं की घर फार शांत आहे. पाळणा हलत नव्हता. त्यांनी वर पाहिलं. संयोगिता बघत होती, डोळे मोठे, भिंतीकडे. आवाज मात्र नव्हता. अजिबात नव्हता. डाव्या हातावर मोजा नव्हता.

सर पाळण्यापर्यंत कसे पोचले ते त्यांना नंतर कधीच सांगता आलं नाही. मुलीचे ओठ जांभळे होऊ लागले होते आणि तोंडातून लोकरीचं एक टोक दिसत होतं. त्यांनी ते चिमटीत धरून ओढलं. मोजा लांबत लांबत बाहेर आला. मग एक भयानक क्षण काहीच झालं नाही. आणि मग ती रडली. तिचं स्वतःचं, आठ महिन्यांच्या लेकराचं रडं, चिरकं आणि संतापलेलं. सर खाली जमिनीवर बसले आणि ते तिच्याबरोबर रडू लागले. सुलाबाई पिठाच्या हाताने दोघांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या दिवशी सर एक शब्दही पुस्तकातला बोलले नाहीत.

सोमवारी रजा टाकून ते सांगलीला गेले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरसाठी रांग होती. अंकिता मुलीला घेऊन बाकावर बसली, सर रांगेत उभे राहिले. चाळीस मिनिटांनी खिडकी आली.

“नाव?”

सर शिक्षक होते. नाव विचारलं की स्वतःचं सांगायची त्यांना सवय होती. त्यांनी सांगितलं.

“तक्रार?”

“घशात बोटं घालायची सवय.”

खिडकीतल्या माणसाने वर पाहिलं. “किती दिवस?”

“तीन आठवडे. उलट्या होतात.”

“बारा नंबर,” तो माणूस म्हणाला, आणि पुढच्याला काहीतरी पुटपुटला. पुढचा जरा मागे सरकला.

बारा नंबरच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सरांना स्टुलावर बसवलं आणि फार मायेने, “मनात काही ताण आहे का?” असं विचारलं. सर म्हणाले, आहे. “आऽ करा,” डॉक्टर म्हणाले. सरांना वाटलं, बापाचा घसा तपासून आनुवंशिकता बघत असतील. त्यांनी आऽ केला. डॉक्टरांनी जिभेवर पट्टी दाबली ती पार आतवर, आणि सरांच्या घशातून लांब ‘ओऽऽऽ’ निघाला.

आणि बाहेरच्या बाकावरून त्याला उत्तर आलं.

‘ओऽऽऽ.’ ‘ओऽऽ.’ खरखर. शांतता. ‘हां!’

व्हरांड्यातली सगळी कुजबुज थांबली. डॉक्टरांनी पट्टी बाहेर काढली. “हे काय होतं?” ते म्हणाले.

“तेच पेशंट,” सर डोळे पुसत म्हणाले.

केसपेपर बदलायला पुन्हा रांग लावावी लागली. शेवटी बाळांच्या डॉक्टरीणबाईंपुढे ते तिघं बसले तेव्हा दीड वाजला होता. बाईंनी मुलीला नीट तपासलं, वजन केलं. महिन्याभरात वाढायचं सोडून दोनशे ग्रॅम उतरलं होतं. मोज्याची हकीकत ऐकून त्यांनी सरांकडे असं पाहिलं की सरांना आपण नापास झालेल्या वर्गाचे वर्गशिक्षक आहोत असं वाटलं.

“हातात काही घालायचं नाही, बोटांना काही लावायचं नाही. दात येताहेत तिला, हिरड्या सुजल्यात. नखं कापा, हात स्वच्छ ठेवा. बोटं घातली की ओरडू नका, हसू नका, हळूच काढा आणि हातात दुसरं काही द्या. आणि जेवढे जास्त बघे, तेवढं ती जास्त करणार. कुणी बघायला येतं का?”

“सत्तावीस जण,” अंकिता म्हणाली.

“बंद करा. बरं, घरात कुणी असं करणारं आहे? या वयात मुलं बघून शिकतात.”

“होते शेजारी,” सर म्हणाले. “वारले ते.”

“कधी?”

“ही जन्मायच्या आधी चार महिने.”

बाईंचं पेन कागदावर टेकलं तसंच राहिलं. मग त्यांनी काहीतरी बरंच लिहिलं. परतीच्या एसटीत सरांनी ते वाचायचा प्रयत्न केला, पण ‘फादर’ एवढाच शब्द लागला. पुढचा लागला नाही तेच बरं, असं अंकिताचं मत पडलं. दहा दिवसांनी वजन वाढलं नाही तर तपासण्या करायच्या, असं ठरलं होतं. ती चिठ्ठी सरांनी खिशात ठेवली आणि रस्ताभर हात खिशावरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी दार उघडलंच नाही. बाहेर माणसं जमली, थांबली, कडी वाजवली.

“सर, दार उगडा की,” आप्पासो म्हणाले. “त्येंचा टाइम झालाय.”

“इथे कोणाचाही टाइम झालेला नाही,” सर आतून म्हणाले. “लेकराचं वजन उतरलंय. जावा घरी.”

“आवं पर नुसतं ऐकून जातो.”

“जावा म्हणतो न्हवं! माजी पोर हाय ती!”

सरांच्या तोंडून गावची बोली अशी फुटलेली गल्लीने कधी ऐकली नव्हती. माणसं गुपचूप पांगली. पण त्या दिवसापासून गल्ली सरांशी फटकून वागू लागली. दुकानात ते आले की बोलणं थांबे. राहीबाईंनी तर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “मेलेल्या माणसाला दारात अडिवलं.” शालूबाई मात्र नऊला येत, मुलीला न्हाऊ घालत आणि काही न बोलता जात. फक्त तेल लावताना त्यांचा हात पहिल्यासारखा चालत नाही, असं सुलाबाईंच्या लक्षात आलं.

नवव्या दिवशी संयोगिताच्या खालच्या हिरडीतून एक पांढरी रेघ वर आली. दहाव्या दिवशी सकाळी पावणेसहाला ती गाढ झोपली होती. अकराव्या दिवशीही. बोटं घशात जायची ती दाताशीच अडकून बसू लागली, आणि तो दात चाचपण्यात तिचा दिवस जाऊ लागला. सांगलीला वजन केलं तर अडीचशे ग्रॅमने वाढलं होतं. सर इतके आनंदले की त्यांनी स्टँडवर उभ्या उभ्या अंकिताला उसाचा रस पाजला आणि एक ग्लास ओळख नसलेल्या माणसालाही पाजला.

गल्लीत मात्र कुणाला आनंद झाला नाही. दूधवाला पुन्हा उशिरा येऊ लागला. कुत्रं दोन दिवस वाट बघून उठून गेलं. आणि शालूबाई आल्या नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, बरं नसेल. दुसऱ्या दिवशी सुलाबाई जेवणाचं ताट घेऊन गेल्या, तर त्यांनी दार किलकिलं करून ताट घेतलं आणि संध्याकाळी जसंच्या तसं परत दिलं. तिसऱ्या दिवशी दारच उघडलं नाही.

“काय झालंय त्यांना?” सरांनी विचारलं.

सुलाबाई निवडत असलेले तांदूळ खाली ठेवून म्हणाल्या, “काय व्हायचं? दुसऱ्यांदा मेला तिचा नवरा. पैल्या टायमाला भरलं घर हुतं रडाया. ह्या टायमाला कुणी न्हाई.”

सर रात्रभर कुशीवर वळत राहिले. आपलं काही चुकलं नाही हे त्यांनी स्वतःला चार-पाच प्रकारे सिद्ध करून दाखवलं. सगळ्या सिद्धता बरोबर होत्या आणि एकीनेही झोप आली नाही. पहाटे ते उठले, ब्रश घेतला आणि नळावर गेले. दोन्ही घरांच्या मध्ये तो नळ होता, तात्यांचाच. धुकं इतकं होतं की समोरचं आप्पासोंचं दार दिसत नव्हतं. थंड पाण्याने तोंड ओलं करून सर तिथे उकिडवे बसले. दोन्ही बाजूंना बघितलं. कुणी नव्हतं. हातावरच्या घड्याळात पावणेसहा झाले तशी बी. एस्सी. बी. एड. असलेल्या कृष्णात सरांनी दोन बोटं घशात घातली.

काय निघालं ते सांगण्यासारखं नाही. आधी एखादं कोकरू दारात अडकल्यासारखा आवाज झाला, मग ठसका लागला, मग रात्रीचं पिठलं वर आलं, आणि ‘हां’ म्हणायची वेळ आली तेव्हा सर नळाला धरून नुसते धापा टाकत होते.

शेजारच्या दाराची कडी निघाली. शालूबाई बाहेर आल्या. तीन दिवसांत बाई निम्मी झाली होती.

“कुणासाटी केलंसा ह्ये?” त्या म्हणाल्या.

सरांनी नुसता त्यांच्या दाराकडे हात केला.

शालूबाई पायरीवरून उतरल्या. “तसं न्हाई, मास्तर. तुमचा नुसता घशातनं येतूय. पोटातनं याया पायजे.”

त्यांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, नळापाशी उकिडव्या बसल्या आणि दोन बोटं तोंडात घातली. आणि त्या वाळलेल्या, हलक्याशा बाईच्या अंगातून हवालदार केरबांचा आवाज बाहेर आला. पहिला लांब ‘ओऽऽऽ’. दुसरा आखूड. विहिरीच्या तळाला घासलेली बादली. मग ती शांतता. समोर बसलेली बाई सरांना दिसत होती, तिचा हात दिसत होता, आणि तरीही मागे कुणीतरी उभं असावं असं वाटून त्यांनी वळून पाहिलं.

‘हां!’

शालूबाईंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

“तेराव्याची समदी पावनी गेली आन् घर लय गप झालं,” त्या नळाकडे बघत म्हणाल्या. “तवा एक दिस भितीकडं तोंड करून हळूच केलं. बरं वाटलं. मग रोज करू लागले. आन् तुमची पोर एकदा न्हाताना काय केल्या ऱ्हाईना, तर तिला करून दावलं. हसली. रोज मागाया लागली.”

“मग सांगितलं का नाही?” सरांनी विचारलं.

“सांगनार हुते. पर गल्लीनं म्हटलं, तात्या आला. इतकी मानसं म्हनत्यात तर मला बी वाटाया लागलं, आपुन शिकिवलंय ते इसरून जावं. इसरले बी हुते, मास्तर. खरंच इसरले हुते. मग तिचं वजन उतरलं म्हनून कळलं, आन् तोंड दावाया जागा ऱ्हायली न्हाई.”

सरांना पुस्तकातलं काही आठवेना आणि बोलीतलं काही पुरेना.

“नऊला या,” शेवटी ते म्हणाले. “दात आलाय तिला. आईला तेल नीट लावता येत नाही.”

“पोरीपुढं न्हाई करनार आता. शप्पत.”

समोर धुक्यात आप्पासोंच्या घरात दिवा लागला, पाठोपाठ राहीबाईंच्या. कड्या निघू लागल्या. शालूबाई चटकन उठून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आप्पासो अनवाणीच धावत आले, शाल एका खांद्यावरून लोळत होती आणि उजवा हात आधीच कपाळाला लागलेला होता.

“ऐकलंसा न्हवं, सर? आता हितंच झालं! कुणी केलं?”

सरांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग ओठावरचा फेस पुसला.

“मी केलं,” ते म्हणाले.

आप्पासोंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, नळाखालचं पिठलं न्याहाळलं आणि सलामाचा हात खाली घेतला.

“न्हाई, सर,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई त्ये.”